निवडून टाकलेलं बी

नागपूरचा उन्हाळा आवडतो असं म्हणणारा माणूस एकतर बाहेरगावचा असतो, नाहीतर खोटं बोलत असतो. मी दोन्ही नाही. मला त्यातले पंधराच दिवस आवडतात, वैशाखातले. जमीन अगदी उघडी पडते ते दिवस. गवत नाही, पाला नाही, माती जशी आहे तशी दिसते. बाकीच्या उन्हाळ्याचं कौतुक मला सांगू नका. कूलरची टाकी भरता भरता माझीही कंबर मोडते.

मनीषनगरात आमच्या इमारतीसमोरचा एक प्लॉट अजून रिकामा आहे. भावाभावांचं भांडण कोर्टात आहे म्हणे. परवा भर दुपारी तिथे कुणाच्या तरी शेळ्या शिरल्या. होतं नव्हतं ते कुरतडलं, लेंड्या टाकल्या आणि गेल्या. संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी गॅलरीतून बघत म्हणाले, "गेलं सगळं. आता इथे काही उगवणार नाही." मला हसू आलं. त्यांना वाटलं, ही म्हातारी आपल्यालाच हसते आहे. मी स्वतःलाच हसत होते. हेच वाक्य मी एकदा लिहिलं होतं, शाईच्या पेनानं, आणि खाली सही केली होती. त्या वाक्यावर एका माणसाचं रान बंद होणार होतं.

तो चौऱ्याहत्तरचा उन्हाळा. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय वनस्पतिशास्त्र. आमच्या सरांनी मला प्रश्न दिला होता तो असा: वर्षानुवर्षं गुरं चरतात त्या जमिनीवर उन्हाळ्यात काडी दिसत नाही, पण मातीच्या आत बी किती शिल्लक असतं? माती म्हणजे नुसती माती नव्हे, तिच्यात येणाऱ्या सालाचं गवत झोपलेलं असतं. काही बी एका पावसात उठतं, काही दोन-तीन सालं दम धरतं. ते किती आहे हे कळलं तर जमीन अजून सावरेल की नाही ते सांगता येतं. मोजायची रीत साधी होती. माती आणायची, पसरायची, रोज पाणी घालायचं आणि काय उगवतं ते मोजायचं. सर म्हणाले, "माती साफ करून घे. दगड, काड्या, कचरा काढून टाक." एवढं एकच वाक्य. मी ते वहीत लिहून घेतलं आणि त्याच वाक्यानं माझा घात केला. सरांचा त्यात दोष नाही. कचरा कशाला म्हणायचं हे त्यांनी सांगितलं नाही आणि मला वाटलं, ते तर मला पाळण्यातच कळलं होतं.

कारण मी इतवारीतल्या धान्यवाल्याची पोरगी. खाली बाबांचं दुकान, वर आम्ही, त्याच्या वर गच्ची. बाबांचा एकच तोरा होता: "आपल्या गव्हात खडा दाखवा अन् पोतं फुकट घेऊन जा." त्या तोऱ्यामागे आईचे हात होते. दुपारची जेवणं झाली की ती सूप घेऊन बसायची. गहू, तूर, जवस, जे असेल ते. गप्पा शेजारणीशी चाललेल्या, नजर भलतीकडे, आणि बोटं आपली खडा, ढेकूळ, उंदराची लेंडी बरोबर वेचून बाजूला उडवत असायची. मी पाच वर्षांची होते तेव्हापासून तिच्याशेजारी बसून तेच करत आले. धान्यात लेंडी दिसली की आमच्या घरात कुणाचाही हात थांबत नाही. अजूनही थांबत नाही.

माती मी आणायची हिंगण्याच्या पलीकडच्या एका गावाहून. एस.टी.नं जायचं आणि पुढे अर्धा तास चालायचं. गावाबाहेर आखर, म्हणजे सकाळी सगळ्या घरांची गुरं जमतात ती मोकळी जागा. तिथून डोमाजी ती हाकत रानात न्यायचा. डोमाजी गावचा गायकी. पन्नाशीचा, काटक, डोक्याला मळका पंचा. घरटी धान्यावर तो गावाची ढोरं सांभाळायचा आणि त्याची बायको पारबता घरच्या शेळ्या चारायची. रान एकच होतं, गावाचं, नाल्यापासून टेकडीपर्यंत. त्याच्या एका कडेला मातामायचं, म्हणजे गावदेवीचं, ठाणं होतं आणि त्याला बोरीच्या काट्यांचं दाट कुंपण. त्या कुंपणात ढोर शिरत नसे. म्हणजे मला हवं ते एकाच जागी मिळालं होतं: कुंपणाच्या आत न चारलेली माती, बाहेर चारलेली.

पहिल्या दिवशी मी खुरपं घेऊन उन्हात बसलेली बघून डोमाजी येऊन उभा राहिला.

"काय हरवलं वं बाई?"

"काही नाही. बी शोधते आहे."

"वैशाखात?" त्यानं काठीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "शोध. इथीच आहे ते. जाईन कोठं?"

दुसऱ्या खेपेला त्यानं मला पळसाच्या सावलीत बोलावलं, आपल्या मडक्यातलं पाणी दिलं आणि रानाचा कायदा सांगितला. नाल्याकडच्या अंगाला पवन्या नावाचं गवत यायचं, उंच, मऊ, गाई त्यावर जीव टाकायच्या. "ते पिकू द्या लागते. दिवाळीपर्यंत ढोर घालाचं नाही. बी झडलं का मंग घालाची. त्याईच्या खुरानं बी मातीत दाबल्या जाते. माह्या बापानं हेच केलं, त्याच्या बापानं हेच केलं."

"आणि तुम्ही?"

डोमाजी काठीनं मातीत रेघा ओढत बसला. "बहात्तरच्या साली पाणी आलं नाही. ढोरं हंबरून राहिले होते, बाई. पोळ्याच्या आधीच घातले नाल्याकडं. मंग दुसऱ्या सालीबी. सवयच लागली." हे त्यानं मला का सांगितलं कोण जाणे. मी ते वहीत लिहिलं नाही. मला तेव्हा वाटायचं, वहीत फक्त आकडे लिहायचे असतात.

माती पोत्यांत भरून घरी आणली तेव्हा गच्चीवर कुरड्यांचा मोसम चालू होता. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माह्या कुरड्या वाळू घालू का तुही माती? अवो माय! सारी दुनिया माती घराबाहेर काढते, अन् आमची पोट्टी एस.टी.चं तिकीट काढून घरात आणते!" पण चिडली तरी ती आईच. तासाभरानं बघते तर गच्चीच्या कोपऱ्यात पोतं उघडून, सूप घेऊन बसलेली. सर कचरा काढायला सांगतात म्हटल्यावर तिला राहवलंच नाही. आम्ही दोघी तीन दुपारी बसलो. रानातल्या मातीत शेणाचे तुकडे, शेळ्यांच्या लेंड्या, काड्या, खडे. मातामायच्या कुंपणातली माती मात्र स्वच्छ, तिच्यातून काढायला फार काही नव्हतं. आईनं निवडलेली माती तुम्ही बघायला हवी होती. तसल्या मातीचे लाडू वळता आले असते. काढलेला सगळा कचरा तिनं टोपलीत भरला आणि मागच्या अंगणात, मोरीपलीकडे भिंतीशी नेऊन ओतला.

तेलाचे पिपे उभे चिरून डबे केले होते, वीस कुंपणातल्या मातीचे, वीस रानातल्या. सकाळ-संध्याकाळ पाणी घालायचं, वर ओलं गोणपाट. कुंपणातल्या डब्यांत आठवड्याभरात हिरवं दिसू लागलं. रानातले डबे तसेच. कुठे एक पान, कुठे दोन. तीन आठवडे मी रोज वाकून मोजत होते आणि मनातून खूश होते, हे आज कबूल करते. फरक इतका ठळक होता की सरांना दाखवायला मी वही घेऊन धावतच गेले. मी लिहिलं: अतिचराईनं या जमिनीतला बीजसाठा जवळजवळ संपला आहे, आता इथे आपोआप काही उगवणार नाही. सरांनी ते वाचलं, पाठ थोपटली आणि एका सरकारी खात्यानं त्यांचं मत मागवलं होतं त्यात जोडून दिलं. खात्याचा विचार असा होता की सगळं रान तारेनं बंद करायचं, पाच वर्षं.

हे गावाला सांगायला सर जीपनं निघाले आणि मलाही घेऊन गेले. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चहा झाला. डोमाजी खाली उभा होता. सरपंचांनी त्याला समजावलं तेव्हा तो सरांशी नाही, माझ्याशी बोलला.

"तुह्या डब्यात उगवलं नाही म्हणून आमचं रान बंद?"

"डोमाजी, मातीत बी उरलं नाही. मी मोजलं."

"मंग पोळ्यापर्यंत गुडघाभर तरोटा येते तो कोठून येते?"

मी म्हटलं, "वाऱ्यानं येत असेल." शप्पथ सांगते, असंच म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. जन्मभर ज्यानं ते रान पायांनी मोजलं त्याला मी, चाळीस डब्यांवाली, वाऱ्याची गोष्ट सांगत होते. गावच्या गुरांना दुसरं रान नव्हतं. रान गेलं की लोक आपली ढोरं दारी बांधणार किंवा विकणार, आणि मग गायकी कशाला लागतो? हे मला ओट्यावरच कळत होतं. माझ्या आकड्यांपुढे ते मला छोटं वाटलं.

पाऊस लागून पंधरा दिवस झाले असतील. सकाळी आईची हाक आली, "हे काय उगवून राहिलं वं भिंतीशी?" मी दात घासत मागच्या अंगणात गेले. मोरीपलीकडे, जिथे तिनं टोपली ओतली होती, तिथे गालिच्यासारखं हिरवं दाटलं होतं. तरोटा म्हणजे टाकळा, गोखरू, कुसळ नावाचं बोचरं गवत, आणि मधेमधे बाभळीची रोपं, बोटभर, काटे अजून मऊ. मी आधी म्हटलं, दुकानाच्या कचऱ्यातलं असेल. पण गव्हातून बाभूळ येत नाही. तुरीतून तरोटा येत नाही. मी खाली बसले आणि एक रोप मुळासकट उपटलं. मुळाला अर्धी फुटलेली लेंडी चिकटलेली होती.

शेळी बाभळीच्या शेंगा खाते, बी तिच्या पोटातून तसंच बाहेर पडतं, उलट टणक साल नरम होऊन निघतं. गाय तरोट्याच्या वाळल्या शेंगा गवताबरोबर ओरपते आणि तेच बी शेणातून रानभर पेरत जाते. हे आता कुणीही सांगेल. पुस्तकात तेव्हाही होतं. मी वाचलंही होतं, परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. आणि मी रानाचं बी आईच्या मदतीनं तीन दुपारी बसून, एकेक करून, नखानं निवडून टाकलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

आईला सांगितलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. "म्हंजे माह्यामुळं झालं का?"

"आई, सूप दोघींच्या हातात होतं."

"मले काय माहीत, लेंडीतबी लेकरं असते म्हणून!" आणि ती रडायलाच लागली. तिला तो गायकी माहीत नव्हता, रान माहीत नव्हतं. पण निवडण्यात तिच्या हातून आजवर कधी चूक झाली नव्हती. मला तिचं इतकं वाईट वाटलं की स्वतःची लाज दोन मिनिटं विसरले.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "दुरुस्ती करायची तर माती पुन्हा वैशाखातच काढावी लागेल. तुझं वर्ष जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या. त्यांनी त्याच दिवशी खात्याला पत्र लिहिलं की आमच्या मोजणीत दोष आहे, निर्णय थांबवावा. स्वतःचं नाव खाली घालून असं पत्र लिहिणारी माणसं थोडी असतात. खात्यानं कळवलं की गावानं काय ते ठरवून सांगावं. सभा ठरली श्रावणात, पोळ्याच्या आधी.

मी त्या भिंतीशी उगवलेलं सगळं मातीसकट दोन डब्यांत उचललं आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर म्हणाला, "भाजी इकाले चालली का बाई?" सगळी गाडी हसली. मीही हसले. फार दिवसांनी हलकं वाटत होतं. मी डोमाजीला त्याचं रान परत द्यायला चालले होते.

सभेला तीस-चाळीस माणसं होती. मी उभी राहिले आणि सरळ सांगितलं: चूक माझी. रानातल्या मातीत बी आहे, मीच ते काढून टाकलं होतं, हे बघा. डबे पुढे ठेवले. लोक कुजबुजले, कुणीतरी टाळीही वाजवली. सरपंच म्हणाले, "मंग झालं. बंद कराची गरजच नाही." मागे बायकांत पारबता उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला, आणि त्यामागे ती हसत होती हे डोळ्यांवरून कळत होतं.

डोमाजी म्हणाला, "जरा पाहू द्या मले."

तो डब्यांपाशी उकिडवा बसला. कोवळी रोपं, मी पुस्तक उघडून एकेक ओळखली होती. तो बोटाच्या टोकानं एकेकाला बाजूला सारत नावं घेत गेला. "तरोटा. तरोटा. गोखरू. ही बाभूळ. ही कुसळ. तरोटा." एक डबा संपला, दुसरा संपला. मग वर बघून विचारलं, "पवन्या कोठं आहे?"

मी म्हटलं, "यात नाही."

"तुह्या त्या चाळीस डब्यात?"

"मातामायच्या कुंपणातल्या डब्यांत आला होता. रानातल्या एकाही नाही."

आणि हे बोलताना मला कळलं की मी सगळा उन्हाळा किती उगवलं तेच मोजलं होतं, काय उगवलं ते विचारलंच नव्हतं. गुरं हिरवं असताना ज्याला तोंड लावत नाहीत ते सगळं मातीत शिल्लक होतं. गुरं ज्यावर जगतात ते गेलं होतं. पवन्याचं बी मातीत फार सालं टिकत नाही, आणि दोन सालं ते झडायच्या आधीच चारलं गेलं होतं.

डोमाजी उठला. गुडघे झाडले. "नाल्याकडचं अर्धं रान बंद करा," तो म्हणाला. "पाच साल. मातामायच्या ठाण्यातलं बी आणून टाका तिकडं."

"अन् ढोरं कोठं चारशीन गा?" सरपंचांनी विचारलं.

"अर्धी आपापल्या दारी बांधा. अर्धी मी चारतो." मग कुणाकडेही न बघता, "माह्या शेळ्या मी इकतो. दिवाळीच्या आधी नाल्याकडं मीच घातले होते ढोरं. दोन साल. कोणाले माहीत नव्हतं."

पुढचं इथेच सांगून टाकते. नाल्याकडचं रान बंद झालं, तारेनं नाही, बोरीच्या काट्यांनी. पुढच्या वैशाखात मी पुन्हा माती काढली, या वेळी लेंडीसकट. निकाल नीट आला आणि पदवी एक वर्ष उशिरा मिळाली. चौथ्या साली नाल्याकडच्या मातीत पवन्या उगवला. मी तो डोमाजीला दाखवायला गेले, तर म्हणाला, मले पोळ्यालेच दिसला होता. तोवर गावात दारी बांधलेली ढोरं वाढली होती आणि त्याच्याकडे चारायला थोडीच उरली होती. उरलेल्या दिवसांत तो दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला जायचा. पोळ्याला मात्र अजून आखरावर त्यालाच पुढे उभं करत. माझ्या चुकीनं माझं एक वर्ष गेलं, आणि ते वर्ष मी आयुष्यभर अभिमानानं सांगत आले. त्याची चूक तर कुणाला दिसणारही नव्हती.

त्या दिवशीची सभा संपली आणि मी डबे घेऊन एस.टी.च्या रस्त्याला लागले. पारबता शेळ्या घेऊन आडवी आली. विसेक शेळ्या असतील. तिनं प्रत्येकीला काहीतरी नाव ठेवलेलं होतं, हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, कारण ती त्यांना नावानं दटावत होती. ती माझ्यासमोर थांबली. रडत नव्हती. राग होता, पण माझ्यावर की त्याच्यावर ते सांगता येत नव्हतं.

"सारं रान आणलं होतं ना वं तू परत?"

"हो."

"सारेच्या सारे मानले होते. सरपंचबी मानले होते."

"हो, पारबताबाई."

"मंग त्याले तो डबा काहून दाखवला?"

मी डबा दाखवला, कारण मला वाटलं होतं, तो खूश होईल.